घर हलवताना

पाद्री आमच्या बेटावर वर्षातून दोनदा येतो,
समुद्राला सवड असली तर.
एरवी चॅपलची किल्ली माझ्याकडे.
प्रार्थना मी म्हणतो, मयताला मी उभा राहतो,
बावीस वर्षं झाली.
आवाज चांगला आहे, असं बायका म्हणतात.

एलेउतेरिओ कार्कामो दाराशी बसतो,
लोकरीची टोपी गुडघ्यावर.
क्षमेच्या ओळीशी आला की खोकतो,
पुढचं म्हणत नाही.
मला वाटायचं, दमट हवा.

दोमितिला वेन्तेओच्या कुत्र्यानं
त्याच्या तीन मेंढ्या फाडल्या होत्या.
पंधरा वर्षांचा अबोला.
कुत्रा केव्हाच मेला.

यंदा भरतीनं तिचं सफरचंदाचं झाड नेलं,
मग कुंपण, मग अंगण.
घर टेकडीवर ओढून न्यायचं ठरलं,
आमच्याकडे घरं अशीच हलतात,
ओंडक्यांवरून, बैल जुंपून.
रविवारी मी वाळूवरच्या घराचा दाखला दिला,
अर्धा तास, हातवारे करून.
दोमितिला पहिल्याच बाकावर होती.
ती बोटांनी शालीचा धागा उसवत राहिली.

मंगळवारी धुकं.
दारं काढली, खिडक्या काढल्या,
चूल चौघांनी उचलून बाहेर ठेवली.
बैलांच्या सात जोड्या आल्या, लागणार होत्या आठ.
तेवढ्यात चिखलातून तो आला,
मोरो आणि क्लावेलला घेऊन.
कुणाला काही विचारलं नाही,
रिकाम्या साखळीपाशी गेला आणि जू अडकवलं.

चढावर मध्येच घर कललं.
आतून एक विसरलेली बशी घरंगळत फुटल्याचा आवाज आला.
मी ओरडत होतो, ओढा रे, देवा, ओढा!
बैलांच्या नाकांतून वाफ निघत होती
आणि माझ्या तोंडातून.
बैलांची कामी आली.
एलेउतेरिओ कोपऱ्यातल्या खांबाखाली
खांदा देऊन उभा होता,
डोळे मिटलेले, गळ्याच्या शिरा दोरासारख्या.
मग मीही गप्प झालो
आणि दोर धरला.

संध्याकाळी सगळे जेवायला बसले,
शिंपले, बटाटे, डुकराचं मांस, सफरचंदाची दारू.
तो बैलांपाशीच थांबला.
दोमितिलानं नातीच्या हातून ताट पाठवलं.
त्यानं उभ्यानं खाल्लं,
ताट ओढ्यावर नेऊन घासलं,
दोनदा विसळलं,
आणि त्याच पोरीच्या हाती परत दिलं.
बोललं कुणीच नाही.

रविवारी पुस्तक उघडलं तेव्हा
तळहाताचे फोड पानाला चिकटले.
क्षमेच्या ओळीशी मागून खोकला आला, नेहमीचा.
बावीस वर्षं मी त्या खोकल्यावरून
वाचत पुढे गेलो होतो.

या वेळी थांबलो.
छपरावर पाऊस वाजत होता.
पहिल्या बाकावरची शाल जराशी मागे वळली.
मी थांबूनच राहिलो.