अस्वस्थ, पहाटे २.१०

मंगळवारी आणि शुक्रवारी मी हळदोण्याला येते,
टेकडीवरच्या या घरात,
जिथे माणसं बरी व्हायला येत नाहीत.
माझ्याकडे ना औषध, ना मंत्र.
बलकांवातली सिमेंटची बैठक, एक दोनशे पानी वही
आणि 'सांगा' हा शब्द.
तोही बरेचदा लागत नाही.

लोक नेहमी चुकीच्या टोकाकडून सुरुवात करतात.
बिलापासून. ॲम्ब्युलन्सला झालेल्या उशिरापासून.
मग मध्येच कुणी म्हणतं,
बाबांना फणसाचा वास सहन व्हायचा नाही,
आणि माणूस खोलीत येतो.

एर्मेलिंदाबाईंचा मुलगा दोन शुक्रवार गप्प होता.
तिसऱ्या शुक्रवारी म्हणाला, ममाय मारायची आम्हाला,
भट्टीच्या फळीने. लिहा.
मी लिहिलं.
फोनवर स्विंडनहून बहीण ओरडली, खोटं!
मग थांबली.
मग म्हणाली, फळी नव्हे रे, काठी.
पप्पा पाव विकताना वाजवत फिरायचे ती.
दोघं इतकी हसली की आत खोकला ऐकू आला.
मी काठी लिहिलं. फळी खोडली नाही.

खाट चार. पुरसो गावडे, खोर्जुव्याचे.
आठ दिवसांत एक शब्द नाही.
तक्त्यावर सिस्टर जोविताचं गोलसर अक्षर:
अस्वस्थ, पहाटे २.१०. उठू पाहतात.
अस्वस्थ, ३.००.
अस्वस्थ, ३.४०. डोस वाढवावा का?

त्यांची बायको शेवतू माझ्याशेजारी
अळसांद्याच्या शेंगा सोलत बसली होती.
मी तिला तक्ता वाचून दाखवला,
उगीच, काहीतरी बोलायचं म्हणून.
तिचे हात थांबले.
अंगठा पेरांवरून सरकला: एकादस, बारस, तेरस.
"सुकती बघतोय तो," ती म्हणाली,
आणि माझ्याकडे असं पाहिलं
की इतकं शिकून मला हे कळू नये.

चाळीस वर्षं मानशीवर.
नदी आणि शेत यांच्यामधलं लाकडी दार.
सुकतीला उघडायचं, भरतीआधी लावायचं,
चुकलं तर खारं पाणी भातात.
रोज पाऊण तास उशिरा, चंद्राच्या हिशोबाने.
लग्नात मिळालेलं घड्याळ मेहुण्याला देऊन टाकलं होतं.
"पहिला महिनाभर मला वाटलं, ह्याचं बाहेर कुणीतरी आहे.
एका रात्री गेले मागोमाग.
बघते तर कंबरभर पाण्यात, कंदील टांगून,
दाराला शिव्या घालतोय.
जाळ्यात दोन शेवटे. तेवढेच."

डोस वाढला नाही.
जोविताने तक्त्यावर एक रकाना आखला: तिथी.

चौदशीच्या पहाटे मी तिथे होते.
शनिवार, माझा दिवस नव्हे.
साडेचार झाले. ते हलले नाहीत.
शेवतू उठली.
खाटेचा लोखंडी कठडा तिने खाली केला, खट्ट.
उभी राहिली,
जेवढा वेळ पाण्याला लागत असेल तेवढा.
मग वर केला.
मी काही विचारलं नाही, वहीही उघडली नाही.

पुनवेला, दुपारी अकरा चाळीसला,
पेजेचे पेले वाटणं चाललेलं असताना, ते गेले.
मला एक वाईट खोड आहे, गोष्टी जुळवून पाहायची.
मी मागच्या पानावर गणित मांडलं.
नदी काठोकाठ. दार बंद.
जुळत नव्हतं.
पान मी दुमडून ठेवलं.

शेवतू त्यांची चादर स्वतः घडी करत होती,
कुणाला हात लावू देत नव्हती.
माझ्या दुमडलेल्या पानाकडे तिची नजर गेली.
वाचता येत नव्हतं तिला.
"भरतीला त्याला काम नसायचं," ती म्हणाली.
"भरतीला तो झोपायचा."