तपासनीस

वहीच्या पहिल्या पानावर तारीख घातली.
खाली: एक्का-एक्का. राजा-राजा. राणी-राणी.
ह्यांच्यासाठी थांबायचं.
ओजस म्हणाला, मावशी,
सुरुवातीला शंभरातले ऐंशी डाव टाकायचेच.
टाकता आलं पाहिजे.

मला हसू आलं.
एकतीस वर्षं नोटांच्या प्रेसमध्ये तपासणीला होते मी.
कोऱ्या शाईचे ताव, थप्पीवर थप्पी,
ह्या दोन बोटांखालून गेले, आणि त्यातला एकही माझा नव्हता.
भोंगा झाला की झडती,
रिकामा डबासुद्धा उघडून दाखवायचा,
मग बिटकोपाशी उतरून
मेथीच्या जुडीवरून दोन रुपयांचं भांडण.
मला कोण शिकवणार टाकायला?

तरी हे वेगळं आहे, कळतंय.
तिथे चूक शोधायची, इथे चूक लपवायची.
आमचा दिगंबर लहानपणी चॅलेंज खेळताना
खोटं बोलला की नाकपुड्या फुगवायचा.
फोनवर नाकपुड्या दिसत नाहीत.
दिसतं एवढंच,
की कोण किती सेकंद थांबलं.

दुपारी पलंगावर खरा कॅट मांडते.
दोन मला, दोन उशीला, दोन भिंतीला.
किलवरची तिरी कधीची हरवलीय,
तिच्या जागी लग्नपत्रिकेचा कापलेला तुकडा,
मागून लगेच ओळखू येतो.
तो उशीकडे गेला
की मी उशीशी प्रामाणिक राहायचा प्रयत्न करते.
जमतंच असं नाही.

परवा सरावात
दश्शीच्या जोडीवर सगळं लावलं.
समोरच्या ‘दसककर७७’कडे गुलामांची जोडी.
अकराव्या मिनिटाला मी घरी.
घरीच होते म्हणा,
पण कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते विसरले.
वहीत लिहिलं: दश्शी म्हणजे राणी नव्हे.
मग खाली: भात लागला.

आणि हे ब्लाइंड.
दर दहा मिनिटांनी वाढतात.
काही न करता बसलं तरी ढीग झिजत जातो,
पेन्शनीचा झिजतो तसा, पंधरा तारखेनंतर.
म्हणजे नुसतं टाकून भागत नाही.
कधीतरी उठून बोलावंही लागतं.
हे मला प्रेसमध्ये कुणी सांगितलं नव्हतं.
युनियनवाल्या कमळजा निकमनं सांगितलं होतं एकदा,
मी ऐकलं नव्हतं.

स्पर्धा बिनपैशांची. ओजसनं मुद्दाम तीच शोधली.
खरे पैसे नाहीत हं मावशी, चालेल ना?
म्हटलं, बाळा, खरे पैसे मी पुष्कळ पाहिलेत.

आज रविवार. थंडी अशी
की खोबरेल तेलाची बाटली दगड झालीय.
वायफायचा डबा खिडकीतून काढून टीव्हीवर ठेवला.
चार्जर. शाल. जवळचा चष्मा, आणि तो सापडेना तर
शोधायला लांबचा.
भात आधीच उतरवला.
मंगला खैरनारला बजावलं, नऊनंतर फोन करू नकोस.
का गं, कोण येणारेय?
म्हटलं, दोनशे बारा जण.

नाव मागतंय. खरं नको, ओजस म्हणाला होता.
बराच वेळ बोट हवेत.
मग लिहिलं: तपासनीस.

आठ बावन्न. आठ सत्तावन्न.
घसा कोरडा, आणि ह्याचंच नवल वाटतंय,
ह्या वयात, कुणी झडती घेणार नसताना.

नऊ.
सत्ती. दुरी.
एक इस्पिक, एक चौकट.
वहीतली अगदी शेवटची ओळ, लाल शाईतली.
बोट टेकवलं. पत्ते सरकत गेले,
हिरव्यावरून, आवाज न करता.

सवयीनं बोटं नाकाशी नेली.
शाईचा वास नाही.
लसणीचा आहे.

दुसरा डाव वाटतायत.