वाकडी रेघ

वहीत मधोमध रेघ मारून आणली होती मी,
विमानात, पुढच्या सीटच्या फळीवर,
म्हणून थोडी वाकडी.
डावीकडे: यावं. उजवीकडे: नको.
पुणे कधीच खोडलं होतं, नागपूर अर्धं.
उरलं बोडीटोला,
साकोलीपासून एकोणीस किलोमीटर,
त्यातल्या सहांना रस्ता म्हणता येत नाही.

"तुमचं गाव हाय का जी हे?"
प्लॉट दाखवणारा डोमाजी लांजेवार दर वळणावर विचारतो.
नाही. बाबा पाटबंधाऱ्यात होते,
कालव्यावर क्वार्टर, दुसरी ते पाचवी, एवढंच.
बदलीचं गाव.
"मंग कायले?" म्हणतो, आणि धुऱ्यावरून उडी मारतो.
उत्तर द्यायला मलाही मारावी लागते.

क्वार्टरच्या जागी बेशरमाचं रान.
धान कापून झालंय, ओल्या बांधीत लाखोळी पोपटी पसरली आहे.
तळ्यावर कुठून कुठून आलेली बदकं.
हेमराज माझ्याकडे बघतो. मी म्हणते, नको,
ती मार्चमध्ये परत जातात.

केया, आठ वर्षांची, कालवा बघून विचारते,
याला कठडा का नाही?
ख्रोनिंगनच्या कालव्यालाही नव्हता, मी म्हणते.
तिथे दिवे होते, ती म्हणते.
लिहिते मी. उजवीकडे.
उजवीकडे आधीच
तनयची छाती, सगळ्यात वर, दोनदा अधोरेखित.
खाली मुलांचे डॉक्टर, फक्त मंगळवार-शुक्रवार.
त्याखाली वीज.
त्याखाली हेमराजच्या अक्षरात "आपण".
त्याचा अर्थ मी विचारलेला नाही.

शाळा दोन खोल्यांची, पाच वर्ग, दोन शिक्षक,
त्यातले एक मतदारयाद्यांच्या कामावर.
उरलेल्या कापगते मॅडम प्रवेशाचा कोरा फॉर्म
नुसता बघायला म्हणून देतात.
'मातृभाषा'पाशी केया अडते.
माझ्याशी मराठीत बोलते, तनयशी डचमध्ये भांडते,
स्वप्नात काय, ते सांगत नाही.
मॅडम म्हणतात, राहू द्या, पेन्सिलनं लिहू.

फळ्यावर: आजचा आहार, वाटाणा.
केया वाचते. वा. टा. णा.
मागून हसू फुटतं.
तिचे कान लाल. मला तिला उचलून न्यायचंय,
गाडीत, विमानात, कुठेही,
तेवढ्यात तिसऱ्या ओळीतली एक पोट्टी,
गुडघ्यावर खपली, नाव नंतरही कळलं नाही,
शेजारणीला कोपर मारते: "सरक ना वो."
आणि वीतभर टाटपट्टी रिकामी होते.

अकरा वर्षं तिकडे लोकांनी माझ्यासाठी दारं धरली,
दर वेळी हसून.
सरकलं कुणी नव्हतं, असं लिहिणार होते.
पण ते खरं नाही.
तनयच्या पहिल्या अटॅकला, रात्री दोन वाजता,
शेजारच्या आन्यानं पायजम्यावरच बर्फातून गाडी काढली होती.
ते कुठे लिहू?

मुक्काम डोमाजीच्या भावाकडे.
साडेनऊला वीज जाते.
नेब्युलायझर पिशवीत, त्याची वायर
माझ्या बोटाला गुंडाळलेली.
तनयच्या पाठीवर तळवा. शिट्टी नाही. अजून नाही.
हेमराज अंधारात म्हणतो, सोलर बसवता येईल.
मग बराच वेळ काहीच म्हणत नाही.
केया झोपेत बडबडते.
मी कान देते. भाषा लागत नाही.

वीज आल्यावर लिहिलं होतं: ४७ मिनिटं, श्वास साफ.
सकाळी बघते तर आकडा रेघेवरूनच गेलाय,
चार इकडे, सात तिकडे.

डोमाजी दारात. "का जी, ठरलं?"
बसा, चहा घ्या, मी म्हणते,
त्याच्याच भावाच्या घरात.