चुकाओ उजवीकडून ओरडला तर

गाडीतून उतरताच पहिला प्रश्न: रेंज कुठे येते?
मी बोट दाखवते. त्या कड्यावर,
कोइवेच्या बुंध्याला पाठ टेकून उभं राहिलं
आणि वारा पडलेला असला, तर एक दांडी. कधी दीड.
लेआंद्रो फुएनसालिदा त्या दीड दांडीसाठी
पहिल्या दिवशी अकरा वेळा कडा चढला.
मी मोजत नव्हते. कोंबड्या मोजत होत्या,
दर फेरीला उधळायच्या.

सान्तियागोत तो विम्याचे दावे नाकारतो.
हे त्यानेच सांगितलं, तंबूचे खुंटे उलटे ठोकता ठोकता.
दिवसाला चाळीस. आवाज मऊ ठेवायचा, असं शिकवतात म्हणे.
डॉक्टर म्हणाले, झाडांत जा.
झाडांचा पत्ता म्हणून कुणीतरी माझा दिला.

माझ्याकडे आहे तरी काय?
सहा तंबूंपुरती सपाट जमीन,
एक संडास, ज्याचं दार लावायला गुडघा लागतो,
आणि नदी. नदीचं भाडं मी लावत नाही,
ती माझी आहे असंही नाही.
थंड मात्र इतकी, की पाय घातला
की माणूस आपलं आडनाव विसरतो.

दुसऱ्या रात्री दोनला तो स्वयंपाकघराच्या दाराशी.
झोप येत नाही, फार शांत आहे, म्हणाला.
शांत? म्हटलं, ऐक:
नदी दगड लोटतेय,
छपरावर लेंगाची फांदी घासतेय,
माझी म्हातारी कुत्री स्वप्नात कुणावर तरी भुंकतेय.
हो, म्हणाला, पण यातलं कुणीच मला काही विचारत नाही.

यावर काय बोलणार.
बटाट्यांची पाटी पुढे सरकवली, सुरी दिली.
सालीबरोबर अर्धा बटाटा जात होता.
गप्प राहिले. कोंबड्यांचं भलं.
कडू माते भरला, नळी त्याच्याकडे वळवून दिला.
त्याने ओढला, परत दिला, म्हणाला: धन्यवाद.
आमच्याकडे मातेनंतर धन्यवाद म्हणजे
पुरे, आता नको.
म्हणून पुढचा मी त्याला दिलाच नाही,
आणि तो बघत राहिला, किटलीकडे, माझ्याकडे,
शहाण्या मुलासारखा, न मागता.
तिसऱ्या फेरीला मला हसू फुटलं. सांगून टाकलं.
तोही हसला,
गंजलेली बिजागरी उघडावी तसा.

मग बराच वेळ नुसती सुरी चालली.
एक बाई होती, म्हणाला. एल्मिरा सोतो.
छप्पर उडालेलं, अर्जात एक तारीख चुकलेली.
मी नाही म्हटलं, आणि ती
धन्यवाद म्हणाली.

बटाटे संपले होते. मी आणखी आणले.

उजाडता उजाडता चुकाओ ओरडला.
उजवीकडून ओरडला तर दिवस बरा,
डावीकडून, तर घरी परत फिरावं.
आत्ताचा कुठून? त्याने घाबरून विचारलं.
ते तुझं तोंड कुठे होतं त्यावर, म्हटलं.
तो जागच्या जागी वळून वळून बघत राहिला.

जायच्या दिवशी विचारतो, दोन्या एदुविना,
तुम्ही दमलात की कुठे जाता?
आजवर कुणी विचारलं नव्हतं.
कोयाइकेला, म्हटलं. एप्रिलमध्ये, हंगाम उठला की.
बसने साडेचार तास. मोठ्या दुकानात
गल्ल्याजवळच्या बाकावर बसते.
लोक धक्के देतात, माफ करा बाई, म्हणतात,
भोंग्यावर कुणाच्या तरी निळ्या गाडीचा नंबर,
साबणाचा वास, भांडणारी मुलं, पांढरे दिवे.
दोन तासांत जीव निवतो.
आइस्क्रीम खाते आणि परत येते.

त्याला वाटलं मी चेष्टा करतेय.

त्याचा एक खुंटा राहिलाय, उलटा, टोक वर.
रोज ठेच लागते, रोज शिवी हासडते.
उपटायचा आहे.
एप्रिलनंतर बघू.