निशिगंध, चाळीस रुपये

इमिंगहॅमच्या गोदीत जानेवारीत
चारलाच अंधार पडतो.
हंबर नदी दिवसाही गढूळच,
दूध कमी पडलेल्या चहासारखी.
मालकाने वाऱ्यावर सोडलेलं एक जहाज
धक्क्याला बांधून ठेवलंय.
वर अकरा माणसं, पाच महिने पगार नाही,
डिझेल संपत आलेलं,
उतरायची परवानगी नाही.

मी त्यांना तांदूळ नेते.
लोकरीचे मोजे, सिमकार्डं, दातदुखीच्या गोळ्या.
मिशनच्या व्हॅनचा हीटर बिघडलाय;
दोन स्वेटरांच्या आत कुठेतरी
माझी पाळकाची पांढरी कॉलर.

अमोसचा फोन येतो जालन्याहून.
"ताई, आबा आधी तुझं नाव नुसतं घ्यायचे,
आता हाक मारतात."
मी म्हणते, गुरुवारी कोर्टाचा माणूस येतोय,
मी नसले तर ह्यांच्या बाजूने बोलायला कुणी नाही.
तो म्हणतो, "आणि आमच्या बाजूने?"

मी जन्मले त्या रात्री
आबा कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत होते,
कुणाच्या तरी जखमा धूत.
आई हे आयुष्यभर सांगायची,
कधी अभिमानाने,
कधी नुसतीच भांडी आपटत.
दुसऱ्यांच्या घरी 'आधी हात धुवा' म्हणतात
तसं आमच्या घरी म्हणायचे,
आधी देवाचं.

पण देवाची इच्छा आणि माझा हट्ट
मला एकाच आवाजात ऐकू येतात.
दोघंही पहाटे तीनला बोलतात.
दोघांचंही मराठी जालन्याचं.

जहाजावरच्या रोडेलला मी हे सांगितलं.
तो कांदा चिरत होता, अकरा जणांत एक कांदा.
त्याचा बाप नोव्हेंबरात गेला;
त्याने तो फोनच्या पडद्यावर पाहिला,
बॅटरी नऊ टक्के असताना.
"मला थांबवलंय," तो म्हणाला,
"तू थांबली आहेस.
हे एक नव्हे, मदर."
आणि माझ्या ताटात
माझ्याच तांदळाचा भात जरा जास्त वाढला.
मी मुकाट्याने जेवले.

आणि थांबले.
तिकिटाचे पैसे होते. रजा मिळाली असती.
तरी थांबले.

आबा बुधवारी पहाटे गेले.
गुरुवारी दफन: तिथे दुपार, इथे सकाळ.
अमोसने फोन कबरीपाशी धरला.
मी जहाजाच्या शिडीवर, एका हाताने दोर धरून,
कानात पेटीवर पडणारी माती.
तो आवाज कशासारखाच नव्हता.
खालून कोर्टाच्या साहेबाने विचारलं,
एकूण किती?
मी म्हटलं, अकरा.
तिकडे अमोस कुणाला तरी सांगत होता,
मुलं दोन.
एक आलेली नाही.

रात्री त्याचा मेसेज. सलाम नाही, काही नाही.
*पेटीवर तुझ्या नावाने निशिगंध ठेवला.
चाळीस रुपये. पाठव.*

माझी हिशोबाची वही साधी आहे:
तांदूळ, वीस किलो.
मोजे, अकरा जोड.
लवंग तेल, एक बाटली.
त्याखाली लिहिलं:
निशिगंध, चाळीस रुपये.

मार्चमध्ये ती माणसं घरी गेली,
रोडेल सगळ्यात शेवटी,
हातात कांद्याची रिकामी जाळी
का कोण जाणे घडी करून.
मी वहीतली एकेक ओळ खोडली.
ती एक ठेवली.

आता दर महिन्याच्या एक तारखेला
अमोस फोन करतो.
हवापाणी विचारत नाही.
"चाळीस," म्हणतो.
मी म्हणते, "पाठवते."
मग दोघंही थोडा वेळ
फोन ठेवत नाही.