सरपंचाचं नाव

टेकावर उरलं तेवढंच आमचं गाव.
बाकीचं उजनीनं घेतलं, मी पाळण्यात होतो तेव्हा.
श्रावण सरला की पाणी चारी अंगांनी येतं,
वैशाखात माघारी जातं, तोवर आम्ही बेट.
एकशे नव्वद उंबरे, सात मेंबर,
एक होडी, कुंडलिक नगऱ्याची,
आणि ग्रामपंचायतीचा शिपाई मी.

फळ्यावर नाव लिहायचं काम माझं.
पहिल्यांदा लिहिलं, रेवणसिद्ध मोटे,
ऑइलपेंटनं, ट ला मागून सावली देऊन.
सावली वाळली नव्हती
तेवढ्यात कपबशीतले दोघं शिट्टीत गेले.
पुसायला रॉकेल लागतं. रॉकेल आता मिळत नाही.
मग रेवणसिद्धावरच इंदुमती वाघमोडे चढल्या,
त्यांच्यावर भारत मोटे, रेवणसिद्धाचा चुलतभाऊ,
मग परत रेवणसिद्ध.
उन्हात बघा, एकातून एक दिसतात.

वर पक्ष फुटला की महिन्यानं आमच्याकडं फुटतो,
बातमी होडीनं येते, म्हणून उशीर.
धक्क्यावर पेपर वाचतात:
धरण एकसष्ट टक्के.
कुणीतरी विचारतं, आणि आपण?
आपण चार-तीन.
पाणी उणे झालेलं मी पाहिलंय,
माणसं उणे झाली की कुठं छापून येतं?

यंदा पौषात, रात्री, बॅटरी न लावता
पाच मेंबर होडीत बसले.
कुंडलिकनं भाडं दुप्पट घेतलं, तोंड बंद ठेवायचं वेगळं.
पलीकडं जीप. सोलापूर. स्टेशनमागचं लॉज.
आठ दिवस कडक भाकरी, शेंगाची चटणी,
मोबाइल काढून घेतलेले.
एका संध्याकाळी सिद्धेश्वराला नेलं फिरवायला.
तळ्याच्या मधोमध देऊळ बघून
शमाबी मुलाणी म्हणाली म्हणे,
हे बी बेटच की.
पण ह्याला चालत जाता येतंय.

ठरावाच्या दिवशी तहसीलदार होडीतून आले,
पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली, बूट हातात.
पाच हात पाहिजेत, ते म्हणाले.
चार वर गेले.
शमाबीनं पदराखालून विचारलं,
साहेब, पूल कुणाच्या फायलीत हाय?
सगळे खिडकीकडं बघायला लागले.
तिथं नुसतं पाणी.
तहसीलदारांनी घड्याळ बघितलं,
दुपारचा वारा सुटला की होडी निघत नाही.
तिचा हात तेव्हा अर्धाच वर होता,
डोक्यावरचा पदर सावरत होती असं मला वाटलं.
साहेबांनी तो पुरा धरला.

गुलाल पडला. भारत मोटे परत.
तिला चादर मिळाली, वाघाच्या चित्राची,
ती तिनं कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकली थंडीची.

मी आता खडूनं लिहितो.
ग्रामसेवक रागावले, शोभत नाही म्हणाले.
म्हटलं, पेंटचं बिल कुणाच्या सहीनं काढू?
ते गप्प झाले. सह्या त्यांनाही आठवत नव्हत्या.

धक्क्याजवळ पुलाच्या तीन कोनशिला आहेत,
प्रत्येक सरपंचाची एकेक.
पहिली पाण्याखाली,
दुसरीवर बायका गोधड्या आपटतात,
तिसरी नवी, काळ्या दगडाची, सोनेरी अक्षरांची.
बरी उभी आहे.
कुंडलिक तिला होडी बांधतो.