निकेल दाद देत नाही

चांदी भोळी. उकडलेलं अंडं सोलून जवळ ठेवा,
दुसऱ्या दिवशी तिचा चेहरा उतरलेला.
तांबं तर नुसत्या घामानं काळवंडतं.
निकेल दाद देत नाही.
गंधकाच्या वाफेत रात्रभर कोंडा,
सकाळी तेच थंड, किंचित पिवळट हसू.

आमच्या डोंगरात हे नाव शिवीसारखं आलं.
खाणीतल्या जुन्या माणसांना वाटलं, तांबं लागलं;
भट्टीत घातलं तर हाती राख आणि छातीत खोकला.
म्हणाले, हा निकेलचा चाळा.
निकेल म्हणजे तो, बोगद्यात राहणारा,
चालत्या माणसाच्या पायात पाय घालणारा.
त्याच्या नावाचा धातू मी
आऊए गावात, नदीकाठच्या शेडमध्ये,
सत्तावीस वर्षं काळा करते आहे.

ओहमे आले ते फेब्रुवारीत, बुटांना बर्फ.
रुमालात एक कडं, कॅमेऱ्याच्या भिंगामागचं,
ड्रेस्डेनमध्ये घडलेलं, माझ्याहून वयानं मोठं.
आतला काळा थर झिजून निकेल उघडं पडलेलं.
"उजेड आत शिरतो, आपटतो, भरकटतो," म्हणाले,
"फोटोत डाग येतो. दर वेळी तिथंच."
पाकिटातून एक काढून दाखवला:
सफरचंदाच्या झाडाला शिडी, शिडीवर बाई,
कोपराला टोपली, पायात रबरी बूट,
आणि चेहऱ्याच्या जागी पांढरा, बशीसारखा डाग.
नाव त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही.
"तेव्हाच आणायला हवं होतं," एवढंच, रुमालाची घडी घालत.

आधी चुन्याची भुकटी, ब्रशनं, गोल गोल.
मग पाणी. ते कड्यावर सलग पसरलं पाहिजे;
थेंब सुटा झाला की समजायचं, अजून तेलकट आहे.
मग आम्ल, जपून.
निकेलला एक न दिसणारं कातडं असतं,
ते सोललं की घाई करायची,
पुन्हा धरायच्या आत काळ्या द्रावात.
तिथं ते आधी चहाच्या रंगाचं होतं,
मग जांभळट,
मग क्षणभर असं मोरपंखी
की दर वेळी वाटतं, पुरे, इथंच थांबावं.
थांबायचं नसतं.

लोक सहज बोलतात, काळं फासलं, तोंड काळं केलं.
येऊन बघा म्हणावं
काळं किती निगुतीनं करावं लागतं.

बीचच्या कोमट भुशात घोळवून सुकवलं,
दिव्याखाली धरलं.
काजळीसारखं मऊ काळं, आणि आतल्या बाजूला
एक लख्ख अंगठा.
मी फोन घ्यायला गेले तेव्हा त्यांनी
धुतलेलं कडं उचलून पाहिलं होतं.
रेघा मोजता आल्या असत्या, अशी ती
झाडाच्या खोडासारखी वर्तुळं.

मला वाटलं, म्हणतील, राहू द्या.
अशा वेळी माणसं म्हणतात तसं.
"पुन्हा करा," ते म्हणाले.
एवढ्याशा ठशातून किती उजेड येणार, मी म्हटलं.
"येतो."

सगळं काढलं. कडं पुन्हा चकचकीत,
बोगद्यातला तो पुन्हा हसायला मोकळा.
पुन्हा चुना, पुन्हा पाणी, पुन्हा कातडं सोलणं.
या खेपेला ओहमे दाराशी उभे,
दोन्ही हात कोटाच्या खिशात कोंबलेले,
काचेच्या दुकानात दम भरून उभ्या केलेल्या पोरासारखे.
मोरपंखी आलं तेव्हा त्यांचा श्वास ऐकू आला.
मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

आठ युरो झाले. सुट्टे दिले, मोजून.
आता कशाचा काढणार फोटो, मी विचारलं.
"शिडीचा," ते म्हणाले. "तिथंच आहे अजून,
कोणी हलवली नाही."
आणि गेले, रुमाल छातीशी, निसरड्या उतारावरून
एकेक पाऊल टाकत.

धुण्याचं पाणी गटारात सोडायचं नसतं.
निळ्या पिंपात ओतलं, झाकण लावलं, तारीख लिहिली.
रात्री बोटांच्या बेचक्यात खाज सुटली,
हिवाळ्यात सुटते तशी, हातमोजे घातले तरी.
मलम लावलं. झोप येईना.
खाली नदी बर्फाखालून वाहत होती,
आणि मी अंगठा चाचपत होते,
माझा, अंधारात, नखापासून खालपर्यंत.